जिने बारसे केले : फ्लॉरेन्स बॅलार्ड

बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आपल्याकडे आत्याचा. पुढे ते नाव गाजो वा न गाजो, ते पहिल्यांदा आपण उच्चारले एवढे सांगण्याचा तिचा हक्क कोणी काढून घेत नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातल्या एका सतरा वर्षांच्या मुलीने १९६१ साली आपल्या गायक-गटाचे असेच बारसे केले. तिने निवडलेले नाव पुढच्या चार वर्षांत जगाच्या तोंडी झाले. आणि नाव ठेवल्याला सात वर्षे होतात न होतात तोच, यापुढे आपल्या जाहिरातीत या नावाचा उल्लेखही करणार नाही, असे त्याच मुलीला कागदावर लिहून द्यावे लागले. गटाचे नाव सुप्रीम्स. मुलीचे नाव फ्लॉरेन्स बॅलार्ड.

सुप्रीम्स म्हटले की लोकांना डायना रॉस आठवते. तिच्या दोन्ही बाजूंना एका तालात हात हलवत उभ्या असलेल्या दोघी कोण, हे विचारण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. पोवाड्यात शाहिराचे नाव लोक लक्षात ठेवतात. मागे झील धरणाऱ्याचे कोण ठेवतो? पण या गटाविषयी वाचू लागलो तेव्हा मला कळले, की मागे उभ्या असलेल्या या दोघींपैकी एकीनेच हा गट जमवला होता. ती पुढून मागे कशी गेली आणि मागूनही बाहेर कशी गेली, हे समजून घेण्यासाठी हा लेख लिहिला आहे. तिच्यावर अन्याय झाला असे एका वाक्यात म्हणून आपल्याला मोकळे होता येईल. मात्र तो अन्याय नेमका कोणत्या टप्प्यावर झाला हे पाहायचे, तर तिच्या आयुष्याच्या तपशिलात शिरावे लागते.

फ्लॉरेन्सचा जन्म ३० जून १९४३ रोजी डेट्रॉइट येथे झाला. हे शहर मोटारींचे. दक्षिणेकडील राज्यांतला वर्णद्वेष आणि दारिद्र्य यांना विटून लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील कारखान्यांच्या आश्रयाला आली, त्यांपैकीच एक बॅलार्ड कुटुंब. वडील जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला होते. घरात दहाहून अधिक भावंडे. ब्रूस्टर-डग्लस नावाच्या सरकारी वसाहतीत त्यांचे बिऱ्हाड होते. या वसाहतीतली ब्रूस्टरची घरे म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारने कृष्णवर्णीयांसाठी बांधलेल्या गृहयोजनांपैकी पहिली. (ही सारी वसाहत २०१४ पर्यंत पाडून टाकण्यात आली.) फ्लॉरेन्सचे केस इतरांपेक्षा फिकट, म्हणून वसाहतीत तिला सगळे 'ब्लाँडी' म्हणत. ती चर्चमध्ये गात असे. आवाज जात्याच भरदार आणि चढा होता.

१९५९ साली मिल्टन जेंकिन्स नावाचा एक गृहस्थ डेट्रॉइटमध्ये 'प्राइम्स' हा मुलांचा गायक-गट चालवीत होता. याच गटातील दोघे पुढे 'टेम्प्टेशन्स' या प्रसिद्ध गटात गेले. मुलांच्या जोडीला मुलींचाही एक गट असावा, असे जेंकिन्सच्या मनात आले आणि त्याची नजर फ्लॉरेन्सवर गेली. ती तेव्हा अवघी पंधरा-सोळा वर्षांची. तिने आपली मैत्रीण मेरी विल्सन हिला बोलावले. बेटी मॅकग्लोन आणि त्याच वसाहतीत राहणारी डायना रॉस याही आल्या. चौघी मिळून 'प्रायमेट्स' झाल्या. लग्न-समारंभ, शाळांचे कार्यक्रम, क्लब, जिथे बोलावणे येईल तिथे त्या गात. त्या वेळी कोणी एक मुख्य गायिका नव्हती. गाणे पाहून ज्या त्या गाण्याला आवाज ठरे, आणि जोरकस गाणी बहुधा फ्लॉरेन्सच्या वाट्याला येत. १९६० साली नदीपलीकडे कॅनडातील विंडसर येथे भरलेल्या स्पर्धेत त्यांनी पहिले बक्षीस मिळवले.

त्याच वर्षी फ्लॉरेन्सवर एक भयंकर प्रसंग ओढवला. नृत्याच्या कार्यक्रमाहून घरी परतताना एका तरुणाने चाकूचा धाक दाखवून तिच्यावर बलात्कार केला. कित्येक आठवडे ती मैत्रिणींना भेटली नाही. काय घडले ते तिने पुढे त्यांना सांगितले. पण त्या काळात आणि त्या वस्तीत या विषयावर बोलण्याची रीत नव्हती आणि त्यावर उपचार करावा असे कोणाला सुचलेही नाही. मेरी विल्सनने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात हे लिहिले, तेव्हा कोठे ते जगाला कळले. त्या दिवसानंतर फ्लॉरेन्सचा मोकळा स्वभाव पालटला, ती लोकांकडे संशयाने पाहू लागली, असे मेरीने नोंदवले आहे. पुढे तिच्या लहरीपणाविषयी जे जे बोलले गेले, ते वाचताना हा प्रसंग दृष्टीआड करून चालणार नाही असे मला वाटते.

आता मोटाउन या कंपनीविषयी थोडे सांगायला हवे, कारण तिच्याशिवाय ही कथा समजणार नाही. बेरी गॉर्डी हा मोटारीच्या कारखान्यात काम केलेला तरुण. १९५९च्या जानेवारीत त्याने घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेतले आणि वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एका साध्या घरात ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय थाटला. घरावर पाटी लावली 'हिट्सव्हिल यू.एस.ए.'. सुटा सांगाडा कारखान्यात एका टोकाने आत शिरतो आणि चकचकीत मोटार होऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. गाणीही तशीच तयार करावीत ही त्याची कल्पना. गीते लिहिणारे वेगळे, वाद्यमेळ ठरलेला, चाली शिकवणारे वेगळे आणि तयार झालेले गाणे बाजारात पाठवावे की नाही हे ठरवणारी बैठक वेगळी. गाणाऱ्यांना चालावे कसे, बसावे कसे, बोलावे कसे हे शिकवायला मॅक्सीन पॉवेल नावाच्या बाई होत्या. नाच बसवायला चॉली ॲटकिन्स होते. गाणी कंपनीची, गाण्यांचे हक्क कंपनीच्याच प्रकाशन-शाखेचे, आणि कलावंतांचा व्यवहार पाहणारी व्यवस्थाही कंपनीचीच. म्हणजे मालक आणि कलावंताचा मुखत्यार हे दोघे एकाच छपराखाली बसत. भांडण झालेच तर कलावंताच्या बाजूने बोलणार कोण?

गॉर्डीने या मुलींना आधी शाळा पुरी करा असे सांगून परत पाठवले. त्या हटल्या नाहीत. शाळा सुटली की रोज त्या घरात जाऊन बसत, कोणाच्या गाण्याला टाळ्या हव्या असल्या तर टाळ्या देत, साथ हवी असली तर साथ करीत. अखेर १५ जानेवारी १९६१ रोजी करार झाला. मुली अज्ञान होत्या, म्हणून त्यांच्या वतीने घरच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या झाल्या. बेटी तोपर्यंत गेली होती आणि तिच्या जागी बार्बरा मार्टिन आली होती. 'प्रायमेट्स' हे नाव कंपनीला नको होते. फ्लॉरेन्सपुढे नावांची एक यादी ठेवण्यात आली. त्या वेळच्या मुलींच्या गटांची नावे बहुधा 'एट्स'ने संपत. यादीतील ज्या नावाला ते लाडिक शेपूट नव्हते ते तिने निवडले : सुप्रीम्स, म्हणजे सर्वश्रेष्ठ. बाकीच्या मुलींना ते मुळीच रुचले नाही. हे तर पुरुषांच्या गटाचे नाव वाटते, अशी तक्रार झाली. तरीही तेच कायम झाले.

पहिली तीन वर्षे मात्र त्या नावाची थट्टाच झाली. एकामागून एक तबकड्या निघाल्या आणि पडल्या. १९६१ सालच्या 'बटर्ड पॉपकॉर्न' या तबकडीत मुख्य आवाज फ्लॉरेन्सचा आहे. तो खुला, खट्याळ आणि दणदणीत आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तिला मायक्रोफोनपासून इतरांपेक्षा दूर उभे करावे लागे असे सांगतात, आणि हे गाणे ऐकल्यावर ते खोटे वाटत नाही. १९६२ साली बार्बराही गेली आणि तिघीच उरल्या. त्याच सुमारास 'मार्व्हलेट्स' या गटातील एक गायिका बाळंतपणामुळे दौऱ्यावर जाऊ शकली नाही, तेव्हा तिच्या जागी कंपनीने फ्लॉरेन्सला धाडले. शिक्षण तिचे अर्धवट राहिले. मेरी आणि डायना शाळेची परीक्षा पास झाल्या. हिला ते जमले नाही.

१९६३च्या अखेरीस गॉर्डीने ठरवले, की यापुढे मुख्य आवाज डायनाचाच राहील. या निर्णयामागे पक्षपात होता असे पुष्कळांनी लिहिले आहे, आणि गॉर्डी व डायना यांची जवळीक पुढे उघड झाली हेही खरे. पण मला वाटते, धंद्याच्या हिशेबानेही तो निर्णय समजू शकतो. रेडिओच्या छोट्या कर्ण्यातून डायनाचा पातळ, किंचित नाकातला आवाज स्वच्छ कापत बाहेर येत असे. फ्लॉरेन्सचा आवाज सभागृह भरून टाकणारा होता. कंपनीला गोऱ्या श्रोत्यांच्या घरात शिरायचे होते. त्यासाठी कोणता आवाज सोयीचा, हे गॉर्डीने ओळखले.

आणि त्याचा अंदाज खरा ठरला. हॉलंड बंधू आणि डोझियर या त्रिकुटाने रचलेले 'व्हेअर डिड अवर लव्ह गो' हे गाणे आधी मार्व्हलेट्सनी नाकारले होते. या तिघींनाही ते आवडले नव्हते. त्या उन्हाळ्यात त्या एका फिरत्या कार्यक्रमात होत्या. आरंभी जाहिरातीत त्यांचे नाव अगदी तळाला होते. दौरा संपेपर्यंत त्या पहिल्या क्रमांकाच्या गायिका झाल्या, कारण २२ ऑगस्ट १९६४ रोजी ते गाणे अमेरिकेच्या यादीत सर्वांत वर पोहोचले होते. त्यामागोमाग 'बेबी लव्ह', 'कम सी अबाउट मी', 'स्टॉप! इन द नेम ऑफ लव्ह' आणि 'बॅक इन माय आर्म्स अगेन'. ओळीने पाच गाणी पहिल्या क्रमांकावर! हा काळ बीटल्सच्या लाटेचा. त्या लाटेत अमेरिकन गट वाहून जात असताना या तिघी पाय रोवून उभ्या राहिल्या. १९६४च्या डिसेंबरात त्या एड सलिव्हनच्या दूरदर्शन कार्यक्रमात झळकल्या. १९६५च्या जुलैत न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबमध्ये गायल्या. १९६६ साली त्यांचा 'ए गो-गो' हा संच विक्रीच्या यादीत पहिला आला. मुलींच्या गटाला अमेरिकेत हा मान तोवर मिळाला नव्हता. फ्लॉरेन्स गटात असेपर्यंत त्यांची दहा गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. ज्या देशात मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांवर लाठ्या चालत होत्या, त्या देशाच्या दिवाणखान्यात भरजरी झगे घातलेल्या तीन कृष्णवर्णीय मुली मानाने शिरल्या. ही गोष्ट लहान नव्हती.

या वैभवात फ्लॉरेन्सच्या वाट्याला काय होते? रंगमंचावर 'पीपल' हे एक गाणे ती एकटी गात असे. पुढे तेही डायनाकडे गेले. तबकड्यांवर तिचे काम साथीचे. वर्षाकाठी असंख्य कार्यक्रम, झोप नाही, घरची ओढ, आणि आपणच सुरू केलेल्या गोष्टीत आपले मत कोणी विचारीत नाही ही जाणीव. ती पिऊ लागली. वजन वाढले. कार्यक्रम चुकू लागले. कंपनीची बाजूही येथे नोंदवली पाहिजे : तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांपुढे तीनऐवजी दोनच गायिका उभ्या राहणे कोणत्याही व्यवस्थापकाला परवडणारे नाही. पण एक चोवीस वर्षांची मुलगी कोसळते आहे हे दिसत असताना तिला विश्रांती द्यावी, उपचार द्यावेत, याऐवजी तिची बदली शोधण्यात आली, हेही तितकेच खरे. १९६७च्या एप्रिलमध्ये सिंडी बर्डसाँग या दुसऱ्या गटातील गायिकेला तिच्या जागी उभे करून पाहिले गेले. जूनअखेरीस लास व्हेगासच्या फ्लमिंगो हॉटेलात गटाचे नाव बदलून 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' झाले. जुलैच्या आरंभी, तेथील कार्यक्रम चालू असतानाच, फ्लॉरेन्सला घरी पाठवण्यात आले आणि सिंडी कायमची आली. नव्या नावाने निघालेली पहिली तबकडी 'रिफ्लेक्शन्स'. तिच्यावर साथीचा आवाज फ्लॉरेन्सचाच आहे. माणूस गेले होते, आवाज विकला जात होता.

१९६८च्या फेब्रुवारीत तिचा मोटाउनशी निकालाचा कागद झाला. तिला सुमारे १ लाख ३९ हजार डॉलर मिळाले. बदल्यात गटाच्या नावावरचा सगळा हक्क सुटला. पुढील जाहिरातीत आपण सुप्रीम्सपैकी होतो असा उल्लेख करायचा नाही हेही ठरले. त्याच महिन्यात, २९ तारखेला, तिने मोटाउनमध्येच चालक असलेल्या तरुणाशी लग्न केले आणि पुढे एबीसी या कंपनीशी करार केला. तिच्या दोन तबकड्या निघाल्या. पण दुकानदाराला आणि रेडिओवाल्याला ही गायिका कोण हे सांगायचे कसे? सांगण्यासारखे जे एकमेव नाव होते ते तोंडावर आणायची बंदी! तबकड्या चालल्या नाहीत, आणि ध्वनिमुद्रित झालेला संच कंपनीने फडताळात टाकला.

यानंतरची उतरण वेगाने झाली. १९६८च्या ऑक्टोबरात तिला जुळ्या मुली झाल्या, १९७१ साली तिसरी मुलगी. हाती आलेला पैसा नीट सांभाळला गेला नाही. तिने मोटाउनवर ८७ लाख डॉलरचा दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला, कारण १९६८च्या कागदावर तिची सही होती. राहते घर कर्जापायी गेले. १९७२ साली मोटाउनने आपले बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलवले. ज्या शहराच्या नावावर कंपनी उभी राहिली ते शहर मागे राहिले आणि फ्लॉरेन्सही. १९७५ साली वर्तमानपत्रांत बातमी आली, की सुप्रीम्समधली फ्लॉरेन्स बॅलार्ड तीन मुलींना घेऊन सरकारी मदतीवर गुजराण करीत आहे.

त्या बातमीनंतर लोकांचे लक्ष पुन्हा तिच्याकडे वळले. २५ जून १९७५ रोजी डेट्रॉइटच्या फोर्ड सभागृहात एका मदतनिधीच्या कार्यक्रमात ती गायली. निधी होता जोन लिटल हिच्यासाठी. या कृष्णवर्णीय तरुणीवर तुरुंगात अत्याचाराचा प्रयत्न करणाऱ्या पहारेकऱ्याला मारल्याबद्दल खटला चालू होता. फ्लॉरेन्सने नेमक्या याच कार्यक्रमात पुन्हा उभे राहावे, याचा अर्थ तिचे पूर्वायुष्य ठाऊक असलेल्याला वेगळा सांगायला नको. श्रोत्यांनी तिचे भरभरून स्वागत केले. आता दिवस पालटतील असे वाटू लागले होते. पण २२ फेब्रुवारी १९७६ रोजी डेट्रॉइटच्या रुग्णालयात हृदयविकाराने तिचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चमध्ये अंत्यविधी झाला, तेव्हा बाहेर हजारोंची गर्दी लोटली होती.

तिच्यानंतर तिची दखल घेतली गेली, आणि ती चांगलीच घेतली गेली. १९८१ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर 'ड्रीमगर्ल्स' हे संगीत नाटक आले. त्यातील गटातून काढली जाणारी एफी फ्लॉरेन्सवरूनच सुचली असे सर्वत्र मानले गेले. २००६ साली त्यावर चित्रपट निघाला, आणि एफीच्या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोब स्वीकारताना जेनिफर हडसनने तो फ्लॉरेन्सला अर्पण केला. १९८८ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सुप्रीम्सना स्थान मिळाले, तेव्हा तिघींची नावे बरोबरीने घेतली गेली. मेरी विल्सनचे २०२१ साली निधन झाले. तीही गटाच्या नावासाठी मोटाउनशी न्यायालयात भांडली होती. उतारवयात ती राज्याराज्यांतून फिरली आणि मूळ गायकांशी संबंध नसलेल्या गटांनी त्यांचे नाव वापरू नये असे कायदे व्हावेत म्हणून झटली. मैत्रिणीचे काय झाले ते तिने जवळून पाहिले होते.

या चरित्रातून कोणी दारूचे दुष्परिणाम हा धडा घेईल, कोणी मत्सराचा. ते धडे चुकीचे नाहीत. पण माझ्या मते मुळाशी आहे ती सही. कलेत नाव कमावणारा आणि नावाचा मालक या दोन व्यक्ती असू शकतात, हे १९६१ साली त्या मुलींना कोणी समजावून सांगितले नाही. आपल्या महाविद्यालयात गाणारे, लिहिणारे, नाटकात काम करणारे पुष्कळ आहेत. उद्या त्यांच्यापुढेही कागद येतील. आनंदाच्या भरात सही करण्यापूर्वी त्यांनी तो दोनदा वाचावा, आणि आपल्या बाजूने वाचणारा कोणी बरोबर न्यावा, एवढेच सांगावेसे वाटते.

ज्यांना फ्लॉरेन्सला ऐकायचे असेल त्यांनी सॅम कुक या गायकाच्या स्मरणार्थ १९६५ साली निघालेल्या सुप्रीम्सच्या संचातील 'एन्ट दॅट गुड न्यूज' हे गाणे मिळवावे. तेथे ती कोणाच्याही मागे उभी नाही.